जसंच्या तसं

ती सत्याची देवी होती, पण गल्लीत तिला कुणी देवी म्हणत नसे. आईची ती कार्टी, मामाची भाची, आत्याची 'माझ्या भावाची पोर' आणि उरलेल्या सगळ्यांची खरी. पृथ्वीवरची माणसं शपथ घेताना तिला साक्षीला बोलवत, आणि कोण खोटं बोलतंय ते तिला ताबडतोब कळतं असं समजत. तो त्यांचा गैरसमज. तसली काही जादू तिच्याकडे नव्हती. बाजारात नासकी फळं तिच्याही गळ्यात मारली जात. तिचं वेगळेपण एवढंच, की तिच्या स्वतःच्या तोंडून जे निघे ते खरं असे, आणि ऐकणाऱ्याला ते आतून पटे. त्याची पटवून घ्यायची इच्छा नसली, तरीही.

देवांची तेव्हा दोन कुळं होती. डोंगरमाथ्यावर राहणारे ते वरचे, आणि मोठ्या तळ्याच्या तळाशी राहणारे ते खालचे. वारा आणि ऊन वरच्यांचं, पाणी खालच्यांचं. वरच्यांना सावली पडत नसे, आणि खालच्यांची पावलं सुक्या फरशीवरही ओली उमटत. खरीची आई वरची, माग चालवणारी. वडील खालचे, नावाडी. त्यामुळे खरी उन्हातून निघाली की सावली नाही, आणि मागे मात्र ओल्या पावलांची रांग. लहानपणी वरची पोरं तिला 'गळकी' म्हणायची आणि खालची 'बिनसावलीची'. दोघांना त्यांच्या-त्यांच्या बोलीत उलट शिव्या देता याव्यात म्हणून ती दोन्ही बोली झकास शिकली, आणि मोठेपणी दुभाषी झाली.

भांडण पेटलं ते ढगांवरून. पाणी आमचं म्हणून ढग आमचे, असं खालच्यांचं म्हणणं. उचलून नेणारा वारा आमचा म्हणून ढगही आमचे, असं वरच्यांचं. कित्येक पिढ्या नुसती तोंडातोंडी चालली होती, मग भाले निघाले. युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात खरीचे वडील गेले. दाट धुक्याच्या सकाळी त्यांची नाव आपली आपण किनाऱ्याला लागली. वल्हं पाण्यात लोंबत होतं, आणि ते आत आडवे, छातीत भाला. भाला वरच्यांच्या घडणीचा होता, पण लुटलेले भाले तोवर दोन्हीकडे झाले होते. खालचे म्हणाले, वरच्यांनी मारलं. वरचे म्हणाले, आमची मुलगी केली म्हणून तुम्हीच त्याचा काटा काढलात.

आई आणि खरी डोंगर-उतारावरच्या मधल्या गल्लीत दोन खोल्यांत राहायच्या. एका खोलीत माग, दुसरीत चूल आणि झोपायच्या वळकट्या. आईने नवऱ्याचं दुःख कुणापुढे उगाळलं नाही. ती मागावर बसली आणि बसूनच राहिली. धोट्याची खटखट पहाटेपासून सुरू व्हायची.

अशात दोन्हीकडचे थकले, आणि बोलणी करायचं ठरलं. गल्लीच्या टोकाला धान्याचं एक जुनं गोदाम होतं. ते झाडून घेतलं, मधोमध एक लांब टेबल टाकलं, दोन अंगांना दोन खुर्च्या. एका खुर्चीवर वरच्यांचा सेनापती, म्हणजे खरीचा सख्खा मामा, आईचा थोरला भाऊ. दुसऱ्या खुर्चीवर खालच्यांची मुखत्यार, म्हणजे आत्या, तिच्या वडिलांची मोठी बहीण. एकाला दुसऱ्याचं अक्षर कळत नव्हतं. दुभाषी म्हणून दोघांनाही एकच नाव चाललं. गोदामाचा रिवाज असा ठरला, की जो बोलेल त्याच्या खुर्चीमागे खरीने उभं राहायचं. तिथे उभी असेतोवर तोंड तिचं, शब्द बोलणाऱ्याचे.

पहिल्याच बैठकीत मामाने तोंड उघडलं ते असं: "चिखलातल्या बेडकांशी बोलायची वेळ आली, हेच आमचं दुर्दैव."

सगळं गोदाम खरीकडे बघू लागलं. आई मागच्या बाकावर होती. तिने डोळ्यांनी लेकीला विनवलं. आईला नवऱ्यामुळे खालची बोली चांगली कळायची. एवढंच म्हण ना की 'या भेटीला उशीर झाला', असं तिचे डोळे म्हणत होते.

खरीने मामाच्या खुर्चीमागून खालच्यांच्या बोलीत सांगितलं, "चिखलातल्या बेडकांशी बोलायची वेळ आली, हेच आमचं दुर्दैव." बेडूकही तेच, चिखलही तोच.

आत्याचे ओठ पांढरे पडले. "तुमचा डोंगर आम्ही आतून पोखरू," ती म्हणाली, "आणि तुमची लेकरं त्याखाली गाडू." खरी टेबलाला वळसा घालून तिच्या खुर्चीमागे गेली आणि तेही जसंच्या तसं वरच्यांना ऐकवलं. खुर्च्या उलटल्या. संध्याकाळपर्यंत उतारावर पुन्हा भाले चालू लागले.

गल्ली खरीवर उलटली. भाकऱ्या भाजणारी तिला बघून दार ओढून घेऊ लागली. पाणी भरायला गेली तर बायका आपापल्या घागरी उचलून बाजूला होत. आईसुद्धा धुमसत होती.

"एक शब्द मऊ केला असतास तर तुझी जीभ झडली असती?"

"हो," खरी म्हणाली. "नेमकं तेच झालं असतं."

"पोरं मरताहेत गं बाहेर!"

"मला दिसतंय, आई. पण मी आज एक शब्द मऊ केला, तर उद्या माझा कुठला शब्द कडक नि कुठला मऊ, हे कुणी कसं ओळखायचं?"

आईने धोटा असा फेकला की तो मागाच्या पलीकडे जाऊन पडला.

मग दोन्ही कुळांनी दुसरा दुभाषी शोधला. हा एक गाणारा देव होता; त्याला सगळे गोडबोल्या म्हणत. दोन्ही बोली त्याला येत होत्या, आणि त्याच्या तोंडून शिवीसुद्धा ओवाळणीसारखी यायची. त्याच्या बैठका फार छान झाल्या. मामा हसला, आत्या हसली, एकमेकांना फळांच्या टोपल्या गेल्या. ढग आपल्याकडे आले, अशी दवंडी वरच्यांनी पिटली. त्याच दिवशी तीच दवंडी खालच्यांनीही पिटली. गोडबोल्याने दोघांनाही तेच सांगितलं होतं, जे त्यांना ऐकायचं होतं.

दोन्हीकडचे तरुण नटूनथटून, बायकापोरांसकट, आपले ढग आणायला तळ्याकाठी गेले. तिथे समोरासमोर आल्यावर जे झालं, तसं आधीच्या कुठल्याही लढाईत झालं नव्हतं. नंतर कितीतरी दिवस तळ्याचं पाणी कुणी तोंडाला लावलं नाही. गोडबोल्या कुठे पळाला ते आजवर कळलेलं नाही.

त्यानंतर मामा स्वतः गल्लीत आला. आई मागावरून उठली नाही. तो दारातच उभा राहिला. केवढा धिप्पाड, पण खांदे पडलेले.

"पोरी, परत उभी राहशील का?"

खरी भांडी घासत होती. तिने हात पुसले. "बेडूक म्हणालास तर बेडूकच सांगेन."

"माहीत आहे."

"आत्याने बोलावलं असतं तर तिलाही हेच सांगितलं असतं."

"तिचाच निरोप आहे. माझा नि तिचा एकच निरोप, पहिल्यांदाच." तो कसनुसा हसला.

"मग माझी अट ऐक. बैठकीआधी मला कुणीही बाजूला घेऊन काही सुचवायचं नाही. प्रत्येकाने समोरच्याला एक प्रश्न विचारायचा. उत्तर द्यायचं नसेल तर 'देत नाही' असं सरळ म्हणायचं. पण जे बोललं जाईल, ते सगळंच्या सगळं पलीकडे पोचेल. अर्धं मी पोचवणार नाही."

 मामाने बहिणीच्या पाठीकडे पाहिलं आणि म्हणाला, "मान्य."

गोदाम त्या दिवशी खच्चून भरलं होतं. पुढे मुत्सद्दी, मागे मेलेल्यांची घरची माणसं. आई त्यांच्यातच होती. खरी आपला एकुलता एक धड कपडा नेसली होती, आईच्याच मागावरचा, आणि ती अशी ताठ चालत आली की उगाच कुजबुजणारेही गप्प झाले. तिची ओली पावलं दारापासून टेबलापर्यंत उमटली, आणि या वेळी त्यांवरून कुणी टोमणा मारला नाही.

पहिला प्रश्न मामाचा. "आज आम्ही भाले खाली ठेवले, तर तुम्ही परत हल्ला कराल का?"

आत्याच्या बाजूचे म्हातारे तिच्या कानाशी लागले. तिने त्यांना हाताने दूर केलं. "जमलं असतं तर केला असता," ती म्हणाली. "पण पाठवायला माझ्याकडे पोरं उरलेली नाहीत. जी आहेत ती रात्री दचकून उठतात."

खरी तिच्या खुर्चीमागून वरच्यांच्या बोलीत बोलली. समोरच्या बाकांवरून एक लांबलचक सुस्कारा निघाला. दुसऱ्या कुणी हे सांगितलं असतं, तर वरच्यांनी त्यात डाव शोधला असता. पण जिने बेडूक बेडूक म्हणूनच पोचवला, पोखरणं पोखरणं म्हणूनच पोचवलं, तिच्या तोंडून हे आलं होतं. त्यात शोधायला काही नव्हतं.

आता आत्याची पाळी. ती उठून उभी राहिली. "माझ्या धाकट्या भावाला कुणी मारलं?"

हा प्रश्न पोचवताना खरीचा आवाज हलला नाही. हात मात्र तिने खुर्चीच्या पाठीवर दाबून धरले. मग ती टेबलाला वळसा घालून मामाच्या मागे येऊन उभी राहिली. 'देत नाही' म्हणायची मुभा त्याला होती. तिने स्वतःच दिलेली.

मामा खाली टेबलाकडे बघत राहिला. मग बोलला.

आईला दुभाषाची गरज नव्हती. तिच्या भावाची बोली ती तिचीच बोली. मागच्या बाकावर ती जागच्या जागी दगड झाली. वरच्यांच्या बाजूला सगळ्यांना कळलं होतं. उरले होते फक्त खालचे, आणि ते सगळे खरीच्या तोंडाकडे बघत होते.

खरीने श्वास घेतला. "मी मारलं," ती म्हणाली.

आपल्याच बापाबद्दल, आपल्याच तोंडाने. आत्याचा हात गळ्याशी गेला. भाचीच्या तोंडून निघालेला तो 'मी' कुणाचा आहे, हे सगळ्यांना ठाऊक होतं, तरी पहिल्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याला हुंदका फुटला.

"धुकं होतं," खरी पुढे म्हणाली. "शत्रूची नाव समजून मी भाला फेकला. जवळ गेलो तेव्हा चेहरा दिसला. मी नाव ढकलून दिली आणि पळालो."

इथे ती थांबली. मामाचं आणखी एक वाक्य उरलं होतं. समोरच्या बाजूला ते कुणालाही कळलेलं नव्हतं. ते पोचलं नाही, तर आत्या या क्षणी त्याचं मुंडकं मागेल, आणि तिला ते मिळेलही. मिळू दे, असं खरीला वाटलं. याने नाव ढकलून दिली होती. माझ्या बापाला एकट्याला पाण्यावर सोडून दिलं होतं. आणि नंतर आमच्या घरी येऊन आईच्या पाठीवरून हात फिरवला होता. त्याचं ते वाक्य गिळून टाकायला तिला तोंडसुद्धा उघडावं लागणार नव्हतं. नुसतं गप्प राहायचं होतं.

गोदामात कुणीतरी खोकलं.

खरीने मान वर केली. त्या घटकेला ती कुणाची भाची नव्हती, कुणाची पोर नव्हती. सत्याची देवी म्हणून ज्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, त्यांनीही तेव्हा पाहिलं; मागाहून ते आपापल्या नातवंडांना तिची ती मान कशी होती, हेच सांगत बसायचे.

"आणि त्या दिवसापासून," ती स्वच्छ आवाजात म्हणाली, "मी लढतोय ते ढगांसाठी नाही. लढाई थांबली तर मला हे सांगावं लागेल, या भीतीने लढतोय. मला शिक्षा द्या. लढाई थांबवा."

आत्या खाली बसली. बराच वेळ ती दाराशी सगळ्यांनी काढून ठेवलेल्या भाल्यांच्या ढिगाकडे बघत होती. शेवटी बोलली तेव्हा खरी तिच्या खुर्चीमागे जाऊन पोचली होती.

"याचं मुंडकं घेऊन मी काय करू? माझा भाऊ नावाडी होता. घाटावर नाव चालवायला आता कुणी नाही. हा चालवेल. खालच्यांना, वरच्यांना, जो येईल त्याला पलीकडे नेईल, आणि जो विचारेल त्याला, ही नाव आधी कुणाची होती ते सांगेल."

मामाने सेनापतीचा पट्टा सोडून टेबलावर ठेवला.

ढगांचा निकाल त्याच आठवड्यात लागला, आणि तो इतका सोपा होता की सगळ्यांना लाज वाटली: ढग बरसेपर्यंत वाऱ्याचे, बरसल्यावर पाण्याचे. दोन्ही कुळांनी खरीला मधल्या उतारावर देऊळ बांधून द्यायचं ठरवलं. तिने नको म्हणून सांगितलं. भाकऱ्या भाजणारीने दार उघडावं, एवढं पुरे, म्हणाली. ते तिने उघडलंच, वर दोन भाकऱ्या जास्त बांधून दिल्या. मामाशी मात्र ती कित्येक वर्षं बोलली नाही. त्याच्या नावेतून ती पलीकडे जायची, समोर बसायची आणि गप्प राहायची. उगाच माफ केलंय असं दाखवणं हेही तिला जमणारं नव्हतं.

बैठकीहून घरी आल्या त्या दिवशी दोघींनी बराच वेळ चूल पेटवली नाही. मग आई म्हणाली, "ते शेवटचं वाक्य तू गाळशील, असं वाटलं होतं मला."

खरी चुलीपुढे बसून काड्या मोडू लागली.

"मी गाळलं असतं," आई म्हणाली. "माझाच भाऊ, तरी गाळलं असतं."

"म्हणून तर तुला तिथे उभं करत नाहीत."

आईने तिच्याकडे पाहिलं. किती दिवसांनी तिच्या चेहऱ्यावर हसू आलं, आणि पाठोपाठ रडू. पदराने तोंड पुसत ती उठली, खिडकी उघडली आणि खालून जाणाऱ्या पाणी भरणाऱ्या बायकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माझी लेक आहे ती. ऐकलंत का गं? माझी!"