कागदावरची जुळी

कागदावर मी अन माझी बहीण उज्ज्वला जुळे आहोत. खरं बघितलं तर ती माझ्याहून तीन वर्षांनी लहान.

झालं असं, की आम्ही अमळनेरकडून सुरतला आलो तेव्हा माय साड्यांच्या कारखान्यात फोल्डिंगला लागली, अन आबा पलसाण्याला डाइंगमधे, कापड रंगवायला. घरी कोणी नाही. मायने आम्हा दोघांना धरून मराठी शाळेत नेलं. मी आठ वर्षांचा, पण नुकताच काविळीतून उठलेला, काडी नुसती. उज्ज्वला पाचची, पण गुबगुबीत. सहाच्या आतलं पोर घेत नाही, गुरुजी म्हणाले. माय म्हणाली, जुळे आहेत. गुरुजींनी मान वर न करता दोघांपुढे एकच तारीख लिहिली, एक जून एक्याऐंशी. "तिले सांभाळजो," एवढं मला सांगून माय कामावर गेली.

सांभाळलं तिनेच. दुसरीत ती पाटीवर माझी गणितं करून द्यायची, अन त्यात मुद्दाम चुका घालायची. सगळी बरोबर आली तर गुरुजींना संशय येईल, म्हणायची. बरं, चुकापण माझ्यासारख्या. हातचा विसरायचा, सातच्या पाढ्यात अडकायचं. मला राग यायचा, कारण मी खरंच तसाच चुकायचो. चौथीत एका मास्तरने कान पिरगाळला, मी त्याचा हात झटकला अन शाळा सोडली. ती राहिली.

पाचवीला शालिग्राम सर आले. त्यांनी तिला आठवीची पुस्तकं दिली, ती तिने दिवाळीच्या सुट्टीत संपवली. मग त्यांनी तिला सरकारी निवासी शाळेच्या परीक्षेला बसवलं. सहावीपासून बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं फुकट. फॉर्मवर वय तिने सांगितलं तेच लिहिलं, दहा. ती पास झाली, यादीत दुसरी. सर पेढे घेऊन खोलीवर आले, अन बसल्या बसल्या दाखला बनवायला त्यांनी सोबत आणलेलं शाळेचं रजिस्टर उघडलं.

पेढा हातातच राहिला त्यांच्या. निवासी शाळेला तेराच्या आतलंच पोर चालतं, अन रजिस्टरमधे एक जूनला ती तेरा पूर्ण करत होती.

जन्माची नोंद कुठेच नव्हती. गावाकडे सुईण शांताबाईने घरातच बाळंतपण केलेलं, तीपण आता सुरतलाच होती. सरांनी अर्ज लिहिला, मायचा अन शांताबाईचा अंगठा घेतला. शिक्षणाच्या ऑफिसात साहेबाची सही झाली की तारीख बदलेल, शनिवारपर्यंत निवासी शाळेत दाखला पोचवायचा, असं ते म्हणाले. आबांना सुट्टी नाही, माय साहेबांपुढे बोलत नाही. शुक्रवारी मी अन उज्ज्वला गेलो.

बसमधे ती म्हणाली, "कोणी काही बोललं तरी आज गप्प बस, भाऊ. एकच दिवस."

क्लार्कने तीन तास बाकावर बसवलं. मग कागद वाचला, पुन्हा वाचला, शिक्का काढून पॅडवर ठेवला. मी बघितलं ते. शिक्का मारून तो कागद आत साहेबाकडे पाठवणारच होता. तेवढ्यात त्याला गंमत सुचली. बाजूच्याकडे बघून हसला.

"एक माय, एक तारीख, अन तीन वर्षांचा फरक. बाप पण दोन होते के?"

उज्ज्वलाने माझं मनगट धरलं होतं. मी ते सोडवलं. शिक्क्याचं पॅड उचलून त्याच्या तोंडावर मारलं. शाई त्याच्या शर्टावर, टेबलावर, अर्जावर. वॉचमनने मला जिन्यावरून ढकलत खाली आणलं. ती मागून एकटी उतरली, हातात काहीच नाही.

शनिवारी सर नवा अर्ज घेऊन गेले. साहेब बुधवारपर्यंत रजेवर, असं त्याच क्लार्कने सांगितलं. जागा यादीतल्या खालच्या पोरीला गेली.

घरी मी म्हटलं, चूक माझी आहे. ती भांडी घासत होती.

"तुझ्या चुका मला पाठ आहेत," ती म्हणाली. "मी एकटी जायला पाहिजे होतं."

हे चौऱ्याण्णवचं. सातवीपर्यंत ती तिथेच शिकली, मग आबांनी बंद केलं, आठवीसाठी लांबच्या शाळेत पोरगी कोण सोडेल म्हणून. आता ती खोलीत साड्यांवर टिकल्या चिकटवते. सरांची बदली झाली. जायच्या आधी त्यांनी दिलेलं भूमितीचं पुस्तक तिने रद्दीत दिलं नाही, पण उघडतही नाही. मी सुरतजवळ सचिन गावी खात्यावर, म्हणजे कापड विणायच्या कारखान्यात, मशीन चालवतो, दोनदा मारामारी करून दोन खाती बदलली.

परवा नंदुरबारकडून तिच्यासाठी एक जण बघायला आला. आबांनी वयाचं काढलं तर माय म्हणाली, कागदावर दोन वर्षांत अठरा पूर्ण होतात, तेव्हा लग्न लावू, पोलीस काही करू शकत नाही. खरी तेव्हा ती पंधराची असेल. पाहुण्यांनी शाळेचा दाखला बघायला मागितला.

"योग्या, पेटीतून काढ," माय म्हणाली.

उज्ज्वला टिकल्यांवरून मान वर न करता बसली होती. मी पेटी उघडली. दाखला तळाशी होता, प्लास्टिकमधे, जरापण चुरगळलेला नाही. फाडावा असं हाताला वाटत होतं. तेवढ्यात ती म्हणाली, "फाडू नको. शाळेतून दुसरा मिळतो."

मी नेऊन दिला.