गेटापर्यंतची वाट

“सुके, पाय उचल गं. उन्हं वर आली.”

पंधरा वर्षांपूर्वी कळपाच्या पुढं चालणारी आई अशी हाक द्यायची. ती अजूनही कानात आली, की सुकेशनीचे पाय आपोआप झपाट्यानं पडत. चितेगावच्या शिवारातला ओढा तिनं न थांबता ओलांडला. मोबाइलवर नऊ मिनिटं झाली होती. घरापासून कंपनीच्या गेटापर्यंत एका दमात चालून दाखवायचं आणि सोमवारी कामावर हजर व्हायचं, हे तिचं ठरलं होतं. न्यूमोनियानं दीड महिना अंथरुणात गेला होता. सोमवार चुकला तर तिच्या मशीनवर दुसरी बाई बसणार, असं सुपरवायझरनं फोनवर स्वच्छ सांगितलं होतं.

आडवे येत होते ते फक्त आबा. सारा जन्म मेंढरांमागं काढलेले मल्हारीआबा लेकीच्या सोबतीला म्हणून निघाले खरे, पण दर शे-दोनशे पावलांवर त्यांची काठी रोवली जाई. आधी बांधावरचा पिवळाधमक फुललेला तरवड बघून झाला. मग बाभळीला लोंबणारा सुगरणीचा खोपा.

“अर्धाच इणलाय बघ नरानं. मादी येऊन बघंल, पसंत पडला तरच पुरा करतोय.”

“आबा, मेंढरं चारायला निघालात का? मला टायमात पोचायचंय.”

“पोच की. गेट काय पळून चाललंय व्हय?”

ती चरफडली, पण बघत राहिली. खोप्यातली एक पात अजून ओली हिरवी होती. वारा आला की लकाकत होती. पाच वर्षं ती याच वाटेनं कामाला गेली, रिक्षात दाटीवाटीनं बसून. इथं बाभळ आहे हेही तिला माहीत नव्हतं.

पुढं चढ लागला. दोन्ही अंगांना नांगरलेलं काळं रान, ना फूल ना पाखरू. तरी काठी रोवली गेलीच. आबांनी इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. दाखवायला काही सापडेना.

“आभाळ बघ,” ते म्हणाले.

आणि तिला उमगलं. एखादी मेंढी लंगडली, तर आबा तिला कधी हाकत नसत. चांगलं गवत दिसल्यासारखं करून सगळा कळपच थांबवत. मागं पडल्याचं मेंढीला कळूसुद्धा देत नसत. काल डॉक्टरांनी दम लागतो का विचारलं, तेव्हा ती धडधडीत नाही म्हणाली होती. आबा शेजारीच उभे होते.

आत्ता ते तिच्याकडं बघतही नव्हते.

सुकेशनी ढेकळांवर बसली. वर निळ्यात कापसाच्या पेळूसारखे ढग, कुठंच जायची घाई नसलेले. एक ढग विरघळून नाहीसा होईस्तोवर ती बघत राहिली. श्वासागणिक छातीत वाजणारी शिट्टी हळूहळू थांबली.

“आबा, ओढ्यापासनंच दम लागलाय मला,” ती म्हणाली. “सोमवारी नाय जमायचं. सुपरवायझरला मीच सांगते.”