एकाच डब्यातल्या गोळ्या

आईच्या दहाव्याला इंद्रायणीकाठी पिंडाला कावळा शिवेना. आत्या म्हणाली, "हिचा जीव कशात अडकलाय कोण जाणे." माझ्या लग्नाचासुद्धा शब्द देऊन झाला. शेवटी अप्पा पुढे झाले, हात जोडून म्हणाले, "ठमीला मी सांभाळीन. तू निर्धास्त जा." कावळा उतरला. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही. पण तेव्हाचा अप्पांचा चेहरा मी पाहिला होता.

ठमी आमची चौदा वर्षांची मांजर. गेल्या वर्षी ती खा खा खायची आणि तरी वाळत चालली होती. भोसरीच्या प्राण्यांच्या डॉक्टर उत्कर्षा मॅडमनी रक्त तपासून थायरॉइडचं निदान केलं. रोज गोळी, समुद्राची मासळी बंद. आम्ही मूळचे चिपळूणचे. सुकटीशिवाय वाढलेलं मांजर आमच्या घराने पाहिलेलं नाही. आईने मन घट्ट करून सुकटीचा डबाच शेजारी देऊन टाकला.

आईलाही थायरॉइड होता. दोघींच्या गोळ्या एकाच स्टीलच्या डब्यात असत. सकाळी अनशापोटी अप्पा आईच्या तळहातावर तिची गोळी ठेवत आणि मग आई ठमीला तिची भरवत असे.

तेरावं उरकून मी चाकणला कामावर रुजू झाले. राहते मोशीत, शनिवारी दिघीला अप्पांकडे जाते. दर शनिवारी ठमी आधीपेक्षा हाडकुळी दिसायची. घरभर फिरून ओरडायची.

"आईला शोधतेय," अप्पा म्हणायचे. मलाही ते पटलं. पटवून घेतलं म्हणा.

एका शनिवारी मी तिला उचललं, तर बरगड्यांखाली काळीज नुसतं थरथरत होतं.

"अप्पा, गोळी देताय ना हिला?"

"म्हणजे काय!" ते दुखावले. "देहूरोडला हयातभर दारूगोळा तपासला, एक नग परत आला नाही माझा. मांजराची गोळी चुकेन? कोंबडी उकडलेली, बिनमिठाची. सुकट उंबऱ्याच्या आत नाही."

"बघू गोळी."

त्यांनी डब्यातून आईची बाटली काढली.

"ठमीची पट्टी सुतकातच संपली. ही बाटली भरलेली होती. थायरॉइडचीच ना? पाव तुकडा करून देतो." मग हळूच म्हणाले, "आईची वस्तू वाया नाही गेली."

डॉक्टरांनी बाटली पाहिली आणि क्षणभर डोळे मिटले. अप्पा बाहेर बाकावर ठमीची टोपली मांडीवर घेऊन बसले होते. आईची ग्रंथी मंद होती, गोळी तिला कमी पडणारं द्रव्य पुरवायची. ठमीची ग्रंथी आधीच भरधाव. तिला लगाम हवा होता, आणि आम्ही चाबूक मारत होतो.

"ही आजच बंद. तिची पुन्हा सुरू करू," डॉक्टर म्हणाल्या. "पण हृदयावर फार ताण आलाय. निभावेल की नाही, आत्ता सांगता येत नाही. काकांना मी सांगू?"

"नको. मी सांगते."

नव्या गोळ्या गुपचूप आईच्या बाटलीत भराव्यात, असं औषधाच्या दुकानात माझ्या मनात आलं. अप्पांना कळलंही नसतं. पण ती बाटली संपली की ते त्यावरचं नाव दाखवून तीच पुन्हा विकत आणतील.

गाडीत सांगितलं. घर आल्यावर अप्पा म्हणाले, "तिला शब्द दिला होता गं मी."

मी मुक्कामाला राहिले. सकाळी त्यांनी वर्तमानपत्र धरलं होतं, पान उलटत नव्हतं.

"अप्पा, गोळी."

"तूच दे. नाहीतर मोशीला घेऊन जा तिला. माझ्या हाताचा भरवसा नाही."

मी प्रयत्न केला. ठमीने मनगटावर ओरखडा काढला, गोळी थुंकली आणि जाऊन अप्पांच्या पायाशी बसली.

मी पट्टीतून दुसरी गोळी काढली. "हात पुढे करा."

"आधी पट्टी दे."

चष्मा लावून त्यांनी नाव वाचलं. पुन्हा वाचलं. मग तळहात उघडला. मी त्यावर गोळी ठेवली. त्यांनी ती ठमीपुढे धरली. ठमीने तोंड उघडलं.

ती गिळेपर्यंत त्यांनी तिचा गळा चोळला, मग बरगड्यांखाली बोटं ठेवली.

"काळीज अजून पळतंय," ते म्हणाले. "हे पळणं थांबेल ना, विजू?"

मी आईची बाटली डब्यातून काढून पर्समध्ये टाकली. त्यांनी ते पाहिलं, पण बोटं ठमीवरून उचलली नाहीत.