शेवटच्या संध्याकाळचं वाटण

संथ धून सुरू झाली आणि स्वयंपाकघरातला मिक्सर घरघरू लागला. धाकटीने व्हायोलिनचा गज तारेवरच थांबवला.

कुंडाच्या गरम पाण्यात मानेपर्यंत बुडालेली गिऱ्हाइकं चौथऱ्याकडे बघू लागली. कोणीतरी फिसकन हसलं. अ‍ॅकॉर्डियनवाल्याने घाईघाईने नाचाचं गाणं धरून वेळ मारून नेली, ढोलवाले मामाही त्याला जाऊन मिळाले. उन्हाळाभर हेच चाललं होतं. सगळा बँड दणदणत असला की स्वयंपाकघर चिडीचूप. धाकटीने एकटीने ती संथ धून उचलली रे उचलली की मिक्सर चालू. योगायोगालासुद्धा काही लाजलज्जा असावी की नाही!

"मामा, तुम्ही सांभाळा," म्हणत ती गज हातात घेऊनच चौथऱ्यावरून उतरली.

"अगं, उद्या सकाळी आपला मुक्काम हलणार. जाता जाता कशाला भांडण उकरून काढतेस?"

"उद्या हलणार म्हणूनच."

ओल्या फरशीवरून ती तरातरा निघाली. झऱ्याच्या तोंडाशी, जिथे पाणी उकळतं, तिथे तिच्या थोरल्या बहिणीने जाळीच्या टोपल्यांतून अंडी नि मक्याची कणसं उकडायला सोडली होती. पलीकडच्या बाकांवर टॉवेल गुंडाळलेली माणसं बोटं चाटत बसली होती. ह्या सगळ्यांनी धाकटीचं वादन ऐकलं होतं, वाखाणलंही होतं. पण तिला ऐकवायचं होतं एकाच माणसाला.

ती धून बाबांची. ह्याच चौथऱ्यावर बाबा ती वर्षानुवर्षं वाजवत आले, डावा हात लुळा पडेपर्यंत. मग बँडने त्यांच्या जागी धाकटीला घेतलं आणि ती बँडबरोबर गावोगाव गेली. आता पहिल्यांदाच उन्हाळ्याचा मुक्काम पुन्हा इथे पडला होता. बाबा स्वयंपाकघरामागच्या खोलीत. मध्ये एक भिंत, बस्स. पण भेटायला जावं तर थोरली दारात उभी.

"झोपलेत."

सकाळी जा, झोपलेत. दुपारी जा, झोपलेत. कुंभकर्णसुद्धा मधूनमधून जेवायला उठायचा!

धाकटीने कोपराने दार ढकललं. थोरली एका हाताने मिक्सरचं झाकण दाबून उभी होती, दुसऱ्या हाताने कढईतले बटाटे परतत होती.

"बंद कर ते."

"बाहेर माणसं जेवायला बसलीत. वाटण लागतं."

"माझी धून सुरू झाली की बरोबर लागतं?"

"तुझं वाजवणं बघून स्वयंपाक करायला मी काही बँडमध्ये नाही."

"इतकी जळतेस माझ्यावर?"

थोरलीने उलथनं कढईवर आपटलं. "जळायला वेळ कुठाय मला? तू व्हायोलिन उचललंस नि गेलीस. त्यांना आंघोळ मी घालते, घास मी भरवते, रोज कुंडाचं पाणी आणून तो हात मी शेकवते. त्यांच्या शिव्याही मीच खाते. तू वाजव. लोक वाहवा करतात ना? झालं तर मग."

वार वर्मी लागला.

"मला त्यांना एकदाच ऐकवायचंय," धाकटी म्हणाली. "एकदा. मग तुला तोंडसुद्धा दाखवणार नाही."

"झोपलेत ते."

"ह्या आवाजात? बघू दे तरी, एवढं काय वाटतेस!"

तिने झाकणाला हात घातला. उडेल म्हणून थोरलीने सवयीने खटका बंद केला. पण उडायला आत होतंच काय? भांडं कोरडं ठणठणीत. नुसती पाती चकाकत होती.

"रिकामा फिरवतेस?" धाकटीचा आवाज एकदम खाली आला. "उन्हाळाभर?"

"हो."

"एवढा दुस्वास?"

"हो म्हटलं ना! जा आता. लवकर जा."

थोरली तिच्याकडे बघतच नव्हती. ती आतल्या दाराकडे बघत होती. धाकटीला वाटलं, नजर चुकवतेय.

बाहेरचं गाणं संपलं. आतल्या खोलीत जमिनीवर काठी आपटली.

"अगं ए! थांबवलंस का?"

बाबांचा आवाज. झोपेतून उठलेल्या माणसाचा नव्हे, चांगला खणखणीत.

"लाव की! परत सुरू करेल ती आता. माझा चौथरा, माझी धून! कानामागून आली नि तिखट झाली. लाव म्हणतो ना!"

हातातलं झाकण धाकटीने ओट्यावर ठेवलं, अगदी आवाज न करता.

"मला सांगितलं का नाहीस?" तिने विचारलं.

"काय सांगणार होते?" थोरली खालच्या आवाजात म्हणाली. "माझ्यावर चिडलीस, तर निदान भांडायला तरी आलीस. त्यांच्यावर चिडली असतीस, तर परत ह्या गावात पाऊल टाकलं असतंस?"

धाकटीने डोळे पुसले नाहीत. गज दुसऱ्या हातात घेतला आणि ती दाराकडे वळली.

"लाव मग," ती म्हणाली. "त्रास होतोय त्यांना."

ती गेली, आली तशी तरातरा नाही, फरशी बघत बघत. कढईत बटाटे करपायला लागले होते. थोरलीने गॅस बंद केला, भांड्यावर झाकण ठेवलं, खटक्यावर बोट ठेवलं. बाहेर वाफेने सैल झालेल्या तारा धाकटी पिळून सुरात आणत होती. मग तो पहिला लांब सूर निघाला.

आत काठी आपटली. "लाव!"

थोरलीने मिक्सरचं भांडं उचललं, मोरीत ठेवलं आणि वरून नळ सोडला.

"भांडं धुतेय, बाबा."

"मग दुसरं लाव!"

नळाचा आवाज मध्ये येत होता. तोही तिने बंद केला. ओले हात पदराला पुसत ती आतल्या खोलीत गेली आणि कुंडाकडची खिडकी तिने सताड उघडली. उन्हाळाभर तिला कोणी हात लावला नव्हता. बाबांनी पुन्हा काठी उगारली. थोरलीने ती त्यांच्या हातातून काढून घेतली आणि त्यांचा हात पोचणार नाही अशी कोपऱ्यात उभी केली.

बाबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

"फिरवा," थोरली म्हणाली आणि त्यांच्या पायाशी बसली. "कान तर इथेच आहेत."