खाणावळीच्या दारातला बाक

मी एक जुना लाकडी बाक आहे आणि मित्रांनो, सुरुवातीलाच सांगून टाकतो, मला माणसं फारशी आवडत नाहीत. त्यातून जी माणसं परक्या शहरात येऊन "इथं चांगलं जेवण कुठं मिळतं?" असं हातातल्या फोनला विचारत हिंडतात, ती तर मुळीच नाहीत. चाळीस वर्षं मी एका मोठ्या शहरातल्या छोट्याशा खाणावळीच्या दाराशी उभा होतो. माझ्यावर बसून लोकांनी ढेकर दिले, भांडणं केली, नखं कापली. तेव्हा माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका.

माझा जन्मही काही मानाचा नाही. एका सुताराकडे दाराच्या चौकटीतून उरलेली जाड फळी होती आणि चार विजोड पाय होते. ते त्यानं ठोकून दिले. चौथा पाय बोटभर आखूड निघाला. सुतार म्हणाला, "माणसं बसली की बसेल जागेवर." कसला बसतोय! मी आजतागायत डुगडुगतो. आपली चूक दुसऱ्याच्या वजनावर ढकलून मोकळं व्हायचं, ही माणसाची रीत मला तिथंच कळली.

मला विकत घेतलं ते खाणावळीच्या मालकानं. त्याची बायको आत रांधायची. तिला सगळी गल्ली काकी म्हणायची. मला दाराबाहेर, स्वयंपाकघराच्या खिडकीखाली ठेवलं आणि माझ्यावर एक काम सोपवलं. त्या कामाचा मला पुढं फार ताठा चढला.

काय व्हायचं, रस्सा सकाळी एकदाच व्हायचा, पण भात काकी थोडा थोडा, ताजा लावायची. आधण ठेवायचं, खिडकीतून वाकून बाकावर किती डोकी आहेत ते पाहायचं आणि तेवढेच तांदूळ वैरायचे. मोठ्या माणसाला दोन मुठी, पोराला एक. खिडकी माझ्या मागं होती, त्यामुळं काकीला माणसांची तोंडं कधी दिसलीच नाहीत. तिला दिसायच्या पाठी. "ही पाठ फार वाकलीय, सकाळपासून पोटात काही नाही याच्या," असं पुटपुटून ती एखादी मूठ जास्त घालायची. बाकावरची माणसं आत जाऊन हात धुईपर्यंत भात तयार असायचा, आणि दुपारी पातेल्यात एक शीत उरायचं नाही. इतकं चोख काम करणारा दुसरा बाक या शहरात दाखवा, मी चारी पाय वर करून पडेन.

तेव्हा यायची ती कामाची माणसं. बसचालक, गवंडी, रुग्णालयातल्या परिचारिका. यायची, जेवायची, चालू लागायची. रश्श्याचा रंग कसा आहे यावर चर्चा करायला त्यांना सवड नव्हती. त्यांच्याबद्दल माझी फार तक्रार नाही. माणसं म्हणून ती बरी होती, म्हणजे दगडापेक्षा वीट मऊ.

पुढं मालक वारला. काकीला मूलबाळ नव्हतं. मग तिच्या दिराचा मुलगा गल्ल्यावर येऊन बसला. आयत्या बिळावर नागोबा, दुसरं काय! चुलीजवळ गेला की याला घाम येई आणि ताट उचललं की कंबर धरे. स्वतःला मात्र तो मॅनेजर म्हणवून घ्यायचा. आपणही मॅनेजरच म्हणू. त्याला लाज वाटत नाही, तर आपल्याला कशाला वाटायला हवी?

त्याच सुमारास गल्लीत शहर बघायला आलेल्या लोकांची गर्दी वाढली. काय सांगू तुम्हाला त्यांची तऱ्हा! पोटात कावळे ओरडत असताना ही माणसं रस्त्यात उभी राहून कुठल्या खाणावळीला किती तारे मिळालेत ते मोठ्यानं वाचत बसायची. एक जोडपं तर माझ्या अगदी पुढ्यात थांबलं. माझ्यावर तेव्हा तिघे गवंडी बसले होते.

"हे बघ, इथं बाहेर लोक बसलेत. म्हणजे चांगलंच असणार," नवरा म्हणाला.

"अहो, समोरचं रिकामं आहे. मला भुकेनं चक्कर येतेय," बायको म्हणाली.

"रिकामं आहे म्हणजेच वाईट! जरा डोकं वापर की."

समोरच्या खाणावळीत त्या वेळी भट्टीतून गरम पाव निघत होते. त्यांचा वास मला लाकडाला आला, पण त्या शहाण्याला आला नाही. बाईसाहेब बिचाऱ्या भिंतीला टेकून पाऊण तास उभ्या राहिल्या.

हे सगळं गल्ल्यावरून मॅनेजरनं ऐकलं, आणि त्याच्या डोक्यात दिवा लागला. असले दिवे लागतात तेव्हा घर जळायचंच असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यावर चार माणसं येऊन बसली ती उठेचनात. एक निवृत्त टपालवाला होता. दोघे रंगारी भाऊ होते, त्यांच्या हाताला महिनाभर काम नव्हतं. चौथी एक शिंपीण होती. शिवून शिवून तिची नजर अधू झाली होती. मॅनेजरनं त्यांना नुसतं बसायला ठेवलं होतं. हो, नुसतं बसायला! दुपार टळेपर्यंत बाकावर बसायचं आणि वाट पाहतोय असं दाखवायचं. थोडे पैसे, दोन वेळा चहा. आत जायचं नाही, काकीशी बोलायचं नाही, जेवणाचं नाव काढायचं नाही. आणि कुणी ओळखू नये म्हणून रोज टोप्या आणि शाली बदलून यायचं.

मासे गळाला लागले. भरलेला बाक बघून पाहुणे थांबू लागले. ते थांबलेले बघून आणखी थांबू लागले. आत निम्मी टेबलं रिकामी असायची, तरी मॅनेजर कुणाला लगेच आत घ्यायचा नाही, कारण रांग मोडली असती ना! कंटाळून कितीतरी जण निघून जायचे. जे आत जायचे ते चार पदार्थ मागवून, त्यांचे फोटो काढून, दोन घास खाऊन उठायचे. आणि आमचा जुना बसचालक? तो दोनदा आला. बसायला जागा नाही असं बघून मान हलवून गेला, तो पुन्हा फिरकला नाही.

आणि आत काकी काय करत होती? खिडकीतून वाकून डोकी मोजत होती.

मॅनेजर तिला काही बोलला नव्हता. तिला रोज चार पाठी दिसत, कधी लाल टोपीतल्या, कधी निळ्या शालीतल्या. पाठी वाकलेल्या असत. वाकणारच! रश्श्याचा वास नाकात घेत तीन-तीन तास उपाशी बसायचं म्हणजे काय गंमत आहे? ती माणसं खोटी होती, पण त्यांची भूक अगदी खरी होती. काकी आपली मूठ वाढवतच गेली. भिंतीच्या अलीकडं चार माणसं भुकेली आणि पलीकडं नेमका त्यांच्याच वाटचा भात रोज उरतोय. असला अजागळ कारभार माणसांशिवाय कुणाला जमणार नाही. कुत्र्यांना जमला नसता.

दुपारी पातेल्यात भाताचा ढीग राही. ताटं अर्धी परत येत. काकी गोंधळली. तिनं मीठ कमी करून पाहिलं, वाढवून पाहिलं. मसाला निवडून पुन्हा वाटला. पळीनं रस्सा चाखायची आणि चुलीपाशी नुसती उभी राहायची.

"अरे, माझं काही चुकतंय का रे?" तिनं एकदा मॅनेजरला विचारलं.

खरं सांगायला ती वेळ चांगली होती. पण हा पठ्ठ्या काय म्हणाला ऐका. "काकी, लोक दारापर्यंत येतात गं. बसतात, वास घेतात आणि उठून जातात. आता त्याला मी काय करू? लोकांची चव बदललीय. तुझंही वय झालं."

त्याला काय, एका दगडात दोन पक्षी मारायचे होते. तयार मसाल्याची पुडकी फोडून झटपट रांधणारा एक आचारी त्यानं हेरून ठेवला होता. काकीचा अडसर तेवढा राहिला होता.

"हात उतरला माझा," काकी खिडकीशी येऊन स्वतःशीच म्हणाली. मी खाली होतो, मी ऐकलं. चाळीस वर्षं हजारो पोटं भरणारी ती बाई, आणि तिचा स्वतःच्या हातावरचा भरवसाच उडाला होता. पहिल्या तारखेला नव्या आचाऱ्याच्या हाती स्वयंपाकघराची किल्ली द्यायचं तिनं कबूल केलं. मला इतका संताप आला की मी चारही पायांवर थरथरलो. टपालवाल्याला वाटलं, रंगारी पाय हलवतोय.

महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. मॅनेजर नव्या आचाऱ्याला आणायला गेला होता. काकीनं खिडकीतून पाहिलं, चार डोकी होती. तिनं भात लावला. आणि मग आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. शेवटचा दिवस, निदान आज आपल्या हातानं वाढू, असं तिच्या मनात आलं असावं. ती दोन हातांत दोन ताटं घेऊन दाराबाहेर आली. ती ठेवून आणखी दोन आणली. पुढून येऊन बाकावरच्या माणसांची तोंडं ती पहिल्यांदाच बघत होती.

"घ्या. आज आत यायची वाट बघू नका."

चौघेही चोर सापडल्यासारखे उभे राहिले. "नको बाई, नको," टपालवाला म्हणाला. "आम्हाला जेवायची मनाई आहे."

"मनाई? मग बसलात कशाला?"

"बसायलाच बसलोय."

"म्हणजे?"

टपालवाल्यानं मान खाली घातली. "तीन महिने झाले, बाई. तुमच्या मॅनेजरनं ठेवलंय. लोकांना गर्दी दिसावी म्हणून."

काकी एकेकाकडं बघत राहिली. "रोज तुम्हीच चौघं होतात?"

"टोप्या बदलायचो," धाकटा रंगारी म्हणाला. निदान त्याला हे सांगताना लाज वाटली.

"मग माझं जेवण नको म्हणून कुणी उठून गेलं नाही?"

"नको कोण म्हणेल, बाई?" शिंपीण म्हणाली आणि तिला रडूच फुटलं. "वासानं जीव जायची वेळ येते रोज."

"आधी खाली बसा. आणि जेवा," काकी म्हणाली.

ते जेवले. मित्रांनो, माणसं मला आवडत नाहीत, पण त्या दिवशी ती जशी जेवली तशी जेवणारी माणसं मी बघत राहीन. कुणी फोटो काढला नाही, कुणी तारे दिले नाहीत. टपालवाल्यानं बोटांनी ताट पुसलं, काकीकडं बघितलं आणि ओशाळून म्हणाला, "अजून थोडा भात मिळेल?"

काकीनं पदर तोंडाला लावला. तीन महिन्यांत हे तिच्याकडं कुणी मागितलं नव्हतं.

नेमका तेव्हाच मॅनेजर आचाऱ्याला घेऊन आला. बाकावर ताटं दिसताच त्याचा चेहरा पडला. "काकी, हे गं काय? धंद्यात असं करावं लागतं. सगळेच करतात."

"धंद्याचं मला सांगू नकोस. माझा हात उतरला, असं तू मला सांगितलंस. उरलेला भात बघून मी रोज रडत होते, ते बघत होतास तू. एकदाही तोंड उघडवलं नाही तुझ्यानं?"

तो हळूच गल्ल्याकडं सरकला. तेवढ्यात रांगेतला एक पाहुणा पुढं आला. त्याला या सगळ्याशी काही देणंघेणं नव्हतं. "अजून किती वेळ लागेल हो? आणि यांच्या ताटांचा एक फोटो काढू का?"

"भूक लागलीय का तुम्हाला?" काकीनं विचारलं.

"भूक म्हणजे... इथलं फार नाव ऐकलंय."

"मग भूक लागली की या."

किल्ली तिनं कमरेला खोचली. आचाऱ्याला म्हणाली, "आलायस तर जेवून जा, बाबा." मॅनेजरला म्हणाली, "गल्ला सोड. मागं जाऊन कांदे सोल." आणि मग तिचं लक्ष माझ्याकडं गेलं. "आणि हा बाक दारातून हलवा. मी याच्याकडं बघून तांदूळ घालत होते. यापुढं माणसांकडं बघीन."

मला ओरडून सांगावंसं वाटलं, की अगं, माझा काय दोष? मी तर लाकूड! पण खरं बोलायचं तर, ते चौघं उपाशी आहेत हे तिच्याआधी मला ठाऊक होतं आणि तरी मी त्यांना पाठीवर मिरवत उभा होतो. साऱ्या जगाला नावं ठेवता ठेवता मीही त्याच लबाडीचा बाक झालो होतो. ते कबूल करायला मला फार जड जातं.

आता मी मागच्या अंगणात आहे. माझ्यावर बसून मॅनेजर कांदे सोलतो आणि डोळे पुसतो. कांद्यामुळं, असं तो म्हणतो. टपालवाला, रंगारी आणि शिंपीण दुपारी दारानं आत येऊन जेवतात. काकी पदराला हात पुसत बाहेर येते आणि उभ्या असलेल्या प्रत्येकाला तोंडानं विचारते, "जेवणार ना?" भिंतीपलीकडून मला ऐकू येतं.

तेव्हा मित्रांनो, परक्या शहरात गेलात तर कुठं जेवायचं हे बाकाला विचारू नका. रांगेला विचारू नका, फोनला तर नकोच. भूक लागेल तिथं जेवा. आणि जेवण आवडलं, तर फोटोत तोंड वेंगाडण्याआधी आत जाऊन रांधणाऱ्याला एवढं सांगा, की आवडलं. तुम्हाला ते किरकोळ वाटेल. पण ते तीन महिने कुणी सांगितलं नाही, म्हणून एक बाई आपली चूल सोडायला निघाली होती.