उल्हासनगरला गेलेला हॅटस्टँड

मित्रांनो, मी एक जुना हॅटस्टँड आहे. अस्सल बर्मी सागाचा, सहा पितळी खुंट्यांचा. मधोमध आरसा आणि खाली छत्र्या ठेवायला जस्ताचं तबक. उंची साडेसहा फूट. हे सगळं आधीच सांगून टाकतो, कारण बदलापूरच्या ज्या फ्लॅटमध्ये मी सध्या उभा आहे तिथे येणारा प्रत्येक जण 'हे काय आहे?' असं विचारतो आणि मला उगाच वाईट वाटतं. तुमच्यापैकी बहुतेकांनी टोप्या घातल्या असतील त्या वाढदिवसाच्या, कागदाच्या. तेव्हा तुमचाही फारसा दोष नाही.

माझा जन्म गिरगावातला, सन एकोणीसशे अडतीसचा. ज्या मिस्त्रीने मला घडवलं त्याने माझ्या अंगात एकही खिळा मारला नाही. एका लाकडाला खाच पाडून दुसरं लाकूड त्यात असं बसवलं, की आजवर मी कधी कुरकुरलो नाही. घरातल्या नव्या पलंगाबद्दल असं म्हणता येणार नाही. गिरगावातून मी आलो अंबरनाथला, काडेपेट्यांच्या कारखान्यातल्या एका गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर. माझ्या खुंट्यांवर साहेबाच्या तीन हॅट असत, मडमेच्या दोन आणि सहाव्या खुंटीवर कुत्र्याचा पट्टा. कुत्र्याच्या पट्ट्याचा मला तेव्हा फार राग यायचा.

पुढे साहेब आपल्या देशी निघाला आणि बंगल्याच्या व्हरांड्यात त्याचं सामान विकायला मांडलं. लोकांनी शहाण्यासारखी टेबलं नेली, खाटा नेल्या. मला नेलं विष्णुपंतांनी. ते कारखान्यात नुकतेच कारकुनाचे ऑफिसर झाले होते. हातगाडीवरून मला दारात उतरवलं, तेव्हा त्यांच्या पत्नीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि एवढंच विचारलं, "याच्यावर वाळत काय घालायचं?"

विष्णुपंतांकडे टोपी एकच होती, काळी. पण खुंट्या काही रिकाम्या राहिल्या नाहीत. छत्री आली, भाजीची पिशवी आली, रेनकोट आला, थर्मास आला. विष्णुपंतांचा एक रिवाज होता. बूट घालायला ते कधी बसत नसत. डावा हात माझ्या डाव्या खांबावर टेकायचा आणि उभ्या उभ्या बूट चढवायचे. त्यांच्या मागे त्यांचा मुलगा, ज्याला सगळे आण्णा म्हणत, तोही अगदी तसंच करू लागला. साठ-पासष्ट वर्षं त्या एकाच जागी हात टेकला गेला. तिथलं लाकूड काळपट आणि गुळगुळीत झालं. खरं सांगतो, मला त्या डागाची लाज वाटायची. एवढा देखणा मी, आणि अंगावर हाताएवढा काळा डाग.

मग माझे दिवस फिरले. लोखंडी कपाट आलं, सोफा आला, मला बाहेरच्या खोलीतून बोळात ढकललं. माझ्यावर ओले टॉवेल पडू लागले. त्या काळात माझी आठवण ठेवली ती एकटीने, आण्णांच्या बायकोने, वृंदाने. दरवर्षी दसऱ्याला ती मला जवसाच्या तेलाच्या फडक्याने पुसायची. मिक्सरला, शिवणयंत्राला झेंडूचा हार घालून झाला की एक हार मलाही. आजूबाजूच्या बायका हसायच्या. हसू द्या, म्हणायची.

तीन वर्षांपूर्वी आण्णा गेले. पाठोपाठ आमची इमारत पाडून नवी बांधायची ठरली. वृंदाचा मुलगा शौनक आणि सून अनुया बदलापूरला, मांजर्ली भागात राहतात, तिथे तिने जायचं ठरलं. वृंदाने भांडी वाटली, शिवणयंत्र शेजारणीला दिलं, आण्णांचे कपडे देऊन टाकले. शेवटी शौनकला म्हणाली, "एवढा स्टँड मात्र नेऊ या रे." बाकी तिने काही मागितलं नाही.

मांजर्लीचा फ्लॅट म्हणजे सगळं पांढरं आणि करडं. भिंती पांढऱ्या, पडदे करडे, सोफाही करडा. त्यात मी उभा राहिलो, तपकिरी आणि धिप्पाड. अनुया मनाने वाईट नाही, हे आधीच सांगतो. घर मांडायची तिला मनापासून हौस. एक दिवस ती म्हणाली, "आई, स्टँड जरा पॉलिशला पाठवते. तुम्हाला सरप्राइज आहे."

"बरं," वृंदा म्हणाली.

त्या घरात वृंदा सगळ्यालाच बरं म्हणत असे. चहा सातला, बरं. टीव्हीचा आवाज कमी, बरं. हे घर मुलाचं आणि सुनेचं, आपण पाहुण्यासारखं नीट राहावं, असं तिने मनाशी पक्कं केलं होतं. स्वतःची पर्ससुद्धा ती आपल्या खोलीतल्या बॅगेत, चेन लावून ठेवायची. मला ते दिसत होतं आणि खुपत होतं. पण पॉलिशचं ऐकून मी असा हरखलो, की तिचा विचार तिथेच राहिला.

टेम्पोत दोरीने बांधून मला उल्हासनगरला नेलं, कॅम्प चारमध्ये, टेकचंदशेठच्या कारखान्यात. आत शिरलो आणि चक्रावलो. तिथे चकचकीत कोरी खुर्ची जमिनीवर आडवी पाडून एक कारागीर तिला साखळीने झोडपत होता. दुसरा एका नव्या टेबलाला दाभणाने बारीक भोकं पाडत होता, वाळवीने खाल्ल्यासारखी. तिसरा चहाचं काळं पाणी ब्रशने फासत होता. नव्या फर्निचरला जुनं करायचा तो कारखाना होता, मित्रांनो. आणि मी तिथे नवा व्हायला आलो होतो.

मला पॉलिश पेपरने घासायचं काम गंगूकडे आलं. गंगू वयाने पोक्त, हात मोठे तरबेज. दोन दिवसांत तिने माझा उजवा खांब घासून कोरा केला. लाकूड बिस्किटाच्या रंगाचं दिसू लागलं. मी तर आनंदात होतो. मग ती डाव्या खांबाकडे वळली आणि थांबली. त्या डागावर तिने आपला हात ठेवून पाहिला.

"शेट, हितं कुनाचा तरी रोजचा हात हाय," ती म्हणाली. "घासू का ऱ्हाऊ दिऊ?"

टेकचंदशेठ चष्मा सरकवत आले. त्यांनीही हात ठेवला. "आजचा दिवस राहू दे," ते म्हणाले. "मॅडम संध्याकाळी येणार आहेत. त्यांना विचारून घासू."

मला काही ते पटलं नाही. घास की बाई एकदाची, असं माझ्या मनात चाललं होतं.

संध्याकाळी अनुया आली आणि सोबत वृंदा. पडद्याचं कापड घ्यायला दोघी उल्हासनगरला आल्या होत्या. अनुयाने मोबाइल पुढे केला. त्यात माझ्यासारखाच एक स्टँड होता, पण पांढराशुभ्र. "आई, हे सरप्राइज. असा पांढरा रंग देणार आहेत. आपल्या हॉलला एकदम मॅच होईल."

पांढरा. माझा आनंद तिथल्या तिथे मावळला. पॉलिश वेगळं आणि रंगाखाली गाडलं जाणं वेगळं. मी वृंदाकडे पाहिलं. आता ही 'बरं' म्हणणार आणि माझा खेळ संपणार, हे मला स्पष्ट दिसत होतं. तिचे ओठ हललेही तसे.

"मॅडम, एक बोलू?" टेकचंदशेठ मध्ये पडले. "इथे लोक येतात नवीन मालाला जुना लुक द्यायला. माझे तीन कारीगर दिवसभर तेच करतात. पण असा हाताचा डाग आमच्याकडून बनत नाही. खूप ट्राय केला. इसको तो साठ साल लगते हैं. तुम्ही बोललात तर गंगू दहा मिनिटांत काढेल."

वृंदा पुढे आली. तिने डाव्या खांबावर, बरोबर त्या जागी तळहात ठेवला. बराच वेळ तो उचलला नाही.

"घासायचं नाही," ती म्हणाली. आवाज लहानच होता. मग घसा साफ करून पुन्हा म्हणाली, "अनुया, हा घासायचा नाही आणि याला रंगही द्यायचा नाही. मला चालणार नाही."

सासूच्या तोंडून 'चालणार नाही' हे शब्द अनुयाने पहिल्यांदाच ऐकले होते. मोबाइल तिने पर्समध्ये टाकला. "आई, मी तुम्हाला आधी विचारायला हवं होतं," ती म्हणाली. "मला वाटलं, तुम्हाला आवडेल."

"माझंही चुकलं," वृंदा म्हणाली. "मी बोलतच नाही."

मित्रांनो, सत्त्याऐंशी वर्षांत माझी स्तुती पुष्कळांनी केली. सागाची केली, आरशाची केली, पितळेची केली. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्या डागाची किंमत झाली आणि मी ज्याला लाजत होतो त्याचाच मला अभिमान वाटू लागला. गंगूने कापडाच्या बोळ्याने लाखेचं पातळ पॉलिश फिरवलं, डागाच्या कडेकडेने, जपून. उजवा खांब आता थोडा उजळ आहे आणि डावा गडद. एकसारखे नाहीत, पण दोन्ही माझेच आहेत.

परत आल्यावर अनुयाने खरी कमाल केली. सोफा फूटभर सरकवून मला मोकळी जागा दिली. दोन शोभेच्या वस्तू कपाटात टाकल्या. जुन्या वस्तूभोवती गर्दी करायची नसते, हे तिला कुणी शिकवलं ठाऊक नाही. मग मागे उभी राहून माझ्याकडे डोकं कलवून बघत राहिली. मागची पांढरी भिंत काही तिला पटेना.

"आई, जरा बाहेर येता?" तिने हाक मारली. "या भिंतीला कुठला रंग देऊ या?"

वृंदा स्वयंपाकघराच्या दारात थबकली. लग्न होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली. आधी सासऱ्यांचं घर, मग नवऱ्याचं, मग मुलाचं. भिंतीचा रंग तिला आजवर कुणीही विचारलेला नव्हता. आता ती 'तुला आवडेल तो' म्हणणार, असं मला वाटलं. तुमच्याही घरात कुणी जुनं असेल, मित्रांनो. वस्तू असेल, माणूस असेल. त्यांना जपा, पुसा, जागा द्या, पण त्याआधी एकदा विचारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा. अनुया थांबली.

वृंदाने पदराला हात पुसले. "पिवळा," ती म्हणाली. "फिकट नको. चांगला पिवळा."