हंबीररावांचा क्लच

"आली रं पिराजी, तुझी राणी!" शेजारच्या फाउंड्रीतून आकारामनं हाळी दिली. "औंदा लई उशीर केला की तिनं!"

पिराजी ट्रकखालून सरपटत बाहेर आला. हंबीररावांची लाल एम.जी. गॅरेजच्या दारात आचके देत थांबली होती. पण स्टिअरिंगवर हंबीरराव नव्हते, त्यांची मुलगी नंदिनी होती. हंबीररावांना जाऊन दोन महिने झाले होते.

ही गाडी उद्यमनगरात कुणाला माहीत नव्हती? दोन सीटची, बिनछपराची आणि इतकी बुटकी, की एकदा गंगावेशीत एका म्हशीनं आपलंच रेडकू समजून तिला चाटून काढलं होतं. आणि तिचा क्लच! हंबीररावांनी रंकाळ्यापाशी तो सोडला, की करपल्याचा वास थेट गगनबावड्याच्या डाकबंगल्यात पोचायचा आणि तिथला खानसामा घाबरून तव्यावरची कच्ची भाकरी उलटायचा. उद्यमनगर हे शपथेवर सांगायचं. हँडब्रेकचं तर नावच नको. चढावर चाकाला लावायचा एक दगड सीटमागं पोत्यात बांधलेला असायचा. तो बाजूला उचलून ठेवल्याशिवाय पिराजीचं काम सुरू व्हायचं नाही.

दर वर्षी दिवाळीच्या अलीकडे क्लच जळायचा. पिराजी गिअरबॉक्स उतरवायचा, जळकी प्लेट हातात नाचवायचा आणि चारचौघांत जहागीरदाराला झापायचा.

"सरकार, क्लच म्हंजी काय देवळाची पायरी हाय व्हय, सारखा पाय ठिवायला?"

"चुकलं, पिराजी," हंबीरराव मान खाली घालून म्हणायचे.

मग नवी प्लेट बसायची आणि ट्रायल म्हणून दोघं गगनबावड्याला जायचे. घाटमाथ्यावर धुक्यात भजी खायची, बशीतला चहा फुंकायचा आणि फारसं न बोलता परत यायचं. दोघंही विधुर. बोलायचं काय?

खरी गोष्ट मात्र पिराजीलाच ठाऊक होती. दोष सरकारांच्या पायाचा नव्हता. क्लचप्लेट ज्या लोखंडी चाकावर घासते, ते फ्लायव्हील चरे पडून खडबडीत झालं होतं. त्यावर नवी प्लेट बसवणं म्हणजे कानशीवर नवी चप्पल घासणं. वर्षात झिजणारच. सहासष्ट साली पिराजीची बायको, चिमणाबाई गेली. पंधरा दिवसांनी हंबीरराव जळका क्लच घेऊन आले आणि ट्रायलच्या निमित्तानं त्याला गगनबावड्याला घेऊन गेले. त्या दिवशी पिराजीच्या घशाखाली पहिल्यांदा घास उतरला. तेव्हा बाहेरदेशातून फ्लायव्हील मिळत नव्हतं, हे खरं. पण शेजारी आकाराम गुऱ्हाळाच्या इंजिनांची फ्लायव्हीलं रोज ओतत होता. भिंतीवरून एक हाक मारायचा अवकाश. पिराजीनं बारा वर्षं ती हाक मारली नव्हती.

"पिराजीकाका," नंदिनी म्हणाली, "इथलं घर बंद करतेय. परवा गाडी पुण्याला न्यायचीय."

"नेनार कोन?"

"मीच. एकटी."

"आनि वाटंत पुन्ना जळला तर?"

"तर तुमच्याकडेच आणीन की! बाबांच्या गाडीला दुसऱ्या कुणाचा हात लागायचा नाही."

पिराजीला एकदम ऊब आल्यासारखं झालं. म्हणजे वर्षातून एकदा येणार तर!

दुसऱ्या दिवशी त्यानं पोतं उचलून बाजूला ठेवलं, गिअरबॉक्स उतरवला आणि सवयीनं फ्लायव्हीलवर हातोडीचा टोला दिला. दर वर्षी ते 'टण' म्हणायचं. या खेपेला 'बद्द' वाजलं. तडकलेला माठ वाजतो तसं.

त्यानं रॉकेलच्या फडक्यानं पुसून पाहिलं. केसाएवढी चीर थेट बोल्टाच्या भोकापर्यंत गेली होती. वेगात असताना असलं चाक फुटलं, तर तुकडे चालवणाऱ्याच्या पायातूनच वर यायचे.

चिरेवर अंगठा ठेवला की ती दिसत नव्हती. पिराजीनं अंगठा बराच वेळ तसाच ठेवला. काढेल की अजून एक वर्ष. आजवर काढलंच ना? त्याची नजर पेडलांपाशी गेली. तिथं नंदिनीच्या चपला पडल्या होत्या. बापासारखीच ती अनवाणी गाडी चालवायची.

पिराजीनं अंगठा उचलला.

संध्याकाळी ती आली तेव्हा तो उभाच होता. "अक्कासाब, फ्लायव्हील नवं लागतंय."

"बरं."

"बरं न्हवं. आजचं न्हाय, बारा वर्सं लागतंय. म्या मागितलंच न्हाय. सरकारांच्या पायाला उगंच नावं ठिवली."

नंदिनीनं भिंतीशी ठेवलेलं पोतं ओढत आणलं आणि सुतळी सोडली. आत दगड नव्हता. ग्रीस फासलेलं नवंकोरं फ्लायव्हील होतं, आणि कडेवर आकारामचा शिक्का.

"सदुसष्ट साली करून घेतलंय बाबांनी. म्हणाले होते, पिराजीनं तोंडानं मागितलं तरच द्यायचं."

"आनि मागितलं नसतं तर?"

"तर गप्प बसायचं आणि दर वर्षी गाडी घेऊन इथं यायचं. वचनच घेतलं होतं माझ्याकडून." ती हसली. "सुटले बाई मी! पुण्याहून दर वर्षी कुठं जमणार होतं?"

पिराजीही हसला. हसायला हवं होतं.

ती गेल्यावर त्यानं भिंतीवरून हाक मारली. "आकारामा, तुला ठावं हुतं?"

"मग ओतलं काय तुज्या आज्ज्यानं? सरकारनी गळ्याची आन घातलीती." आकाराम हात पुसत आला. "आनि तू तरी कुठं इचारलंस, लेका?"

दोघांनी मिळून जुन्या चाकावरची दात्यांची रिंग तापवून काढली आणि पुन्हा तापवून नव्यावर बसवली. निवाल्यावर पिराजीनं टोला दिला. 'टण' आवाज गॅरेजभर घुमला.

तिसऱ्या दिवशी सकाळी नंदिनी बॅगा घेऊन आली. "ट्रायलला जायचं का, काका?" म्हणाली खरी, पण बोलताना तिचं लक्ष घड्याळाकडे गेलं.

"कशाला? नीट बसलाय. जावा तुमी."

गाडीनं आचका दिला नाही, थरथरली नाही, वासही आला नाही. पाण्यात होडी सोडावी तशी निघून गेली.

"कशी गेली रं?" आकारामनं भिंतीपलीकडून विचारलं.

"लई नीट गेली," पिराजी म्हणाला.

कोपऱ्यावरून गिअर बदलल्याचा आवाज आला. त्याचा डावा पाय आपोआप दाबला गेला. खाली नुसती जमीन होती.